बालगृहांतील मुलांचे पालकत्व पूर्ण निभवावे : महिला व बालविकास विभागास खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, महिला व बालविकास, महाराष्ट्र राज्य, मुंबई
मा. आयुक्त, महिला व बालविकास, महाराष्ट्र राज्य, पुणे

विषय : बालगृहांतील मुलांचा लांबत जाणारा मुक्काम आणि अठरा वर्षे पूर्ण होताच थांबणारी जबाबदारी

महोदया, महोदय,

दरवर्षी जून उजाडला की राज्यातील बालगृहांतून काही मुले आणि मुली कायमच्या बाहेर पडतात. जन्माचा दाखला नसलेल्या मुलाला शाळेत घालताना अंदाजाने १ जून ही तारीख लावण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. त्यामुळे ज्यांना आपला खरा जन्मदिवस ठाऊकच नाही अशी कित्येक मुले बारावीचा निकाल हाती पडतो न पडतो तोच कागदावर अठरा वर्षांची होतात आणि संस्थेतील त्यांचा मुक्काम संपतो. यंदा माझ्या ओळखीच्या एका मुलीचा मुक्काम असाच संपला. तिला परिचारिकेच्या अभ्यासक्रमाला जायचे होते. अनुरक्षणगृहासाठीचा, म्हणजे अठरा वर्षांनंतर अशा मुलांची राहण्याची सोय करणाऱ्या गृहासाठीचा, तिचा प्रस्ताव जिल्ह्यातून वर गेला होता, त्यावर वेळेत उत्तर आले नाही, आणि अखेर तिच्या एवढ्या वर्षांच्या मुक्कामात एकदाही भेटायला न आलेल्या एका नातेवाइकाच्या घरी तिची रवानगी करून फाइल बंद करण्यात आली. आता त्या घरात तिच्या लग्नाची बोलणी सुरू आहेत. यात कोणी नियम मोडल्याचे दाखवता येणार नाही, प्रत्येकाने आपापल्या टेबलापुरते काम केले आहे. मुलीचे नुकसान मात्र झाले आहे, आणि ते मला गप्प बसून पाहवत नाही.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते. आमच्या शाळेजवळ मुलांचे बालगृह होते आणि तिथली मुले माझ्या वर्गात शिकली. निवृत्तीनंतर मी आमच्या जिल्ह्याच्या बालकल्याण समितीवर सदस्य म्हणून एक पूर्ण कार्यकाळ काम केले. मुलाला संस्थेत दाखल करण्याच्या, त्याची बदली करण्याच्या आणि त्याला पालकांच्या ताब्यात देण्याच्या असंख्य आदेशांवर माझी सही आहे. त्या आदेशांचे पुढे काय होते, हे मी समितीच्या खोलीतूनही पाहिले आणि वर्गातल्या बाकांवरूनही. म्हणून हे पत्र आपल्याला लिहीत आहे, आणि संस्थेतील मुलांशी आपला काही संबंध नाही असे समजणाऱ्या नागरिकांनीही ते वाचावे अशी माझी इच्छा आहे.

मला मुख्यतः एकच गोष्ट सांगायची आहे. ज्या मुलाने संस्थेत थोडेच दिवस राहून घरी जायला हवे, त्याला आपण वर्षानुवर्षे ठेवून घेतो, आणि ज्याला परत जाण्यासारखे घरच नाही, त्याला तारीख पाहून बाहेर काढतो. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ यातील अपेक्षा याच्या नेमकी उलट आहे. त्या कायद्याच्या तिसऱ्या कलमात जी मूलभूत तत्त्वे दिली आहेत, त्यांत मुलाला संस्थेत ठेवणे हा अगदी शेवटचा उपाय असावा असे स्पष्ट म्हटले आहे. वाजवी चौकशी करून, दुसरा कोणताही मार्ग उरला नाही याची खात्री पटल्यावरच मुलाला संस्थेत पाठवायचे असते. प्रत्यक्षात तो पहिला उपाय होतो, कारण तो सर्वांत सोपा आहे.

समितीसमोर येणारी बहुतेक मुले अनाथ नसतात. वडील गेले आणि आईला सासरी थारा नाही, आई गेली आणि वडील दारूत बुडाले, आईने दुसरा संसार मांडला आणि त्या घरात पहिल्या मुलाला जागा नाही, आईवडील ऊसतोडीला गेले आणि मागे सांभाळणारी आजी वारली, बाप तुरुंगात आणि आई आजारी, अशी ती मुले असतात. त्यांच्या घरात माणूस असतो, मुलाला वाढवण्याची ऐपत नसते. २०२० मध्ये करोनाची टाळेबंदी झाली तेव्हा देशभरातील संस्थांत सुमारे २ लाख २७ हजार मुले होती, आणि त्यांपैकी सुमारे १ लाख ४५ हजार मुलांना पालकांकडे किंवा नातेवाइकांकडे पाठवण्यात आले. सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर २०२० च्या आदेशातच हे आकडे आहेत. दर दहा मुलांपैकी सहा मुलांना पाठवता येईल असे कोणीतरी होते, ही गोष्ट एका साथीने आपल्याला दाखवून दिली. ती साथ येण्यापूर्वी या मुलांच्या घरांचा शोध कोणी घेतला होता, हा प्रश्न मात्र त्या वेळी फारसा कोणी विचारला नाही.

माझे म्हणणे सरसकट सगळ्यांना घरी पाठवा असे मुळीच नाही. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने महाराष्ट्रासह आठ राज्यांना शंभर दिवसांत मुलांना कुटुंबात परत पाठवण्याबाबत कळवले, तेव्हा आमच्यासारख्या अनेकांना काळजीच वाटली होती. ज्या घरात मुलीवर हात टाकला गेला, ज्या घरातून मुलगा मारहाणीला कंटाळून पळाला, त्या घरी मुदत ठरवून पाठवणी करणे हा गुन्हाच ठरेल. प्रत्येक मुलाचे घर वेगळे असते आणि ते प्रत्यक्ष जाऊन पाहावे लागते. माझी पहिली तक्रार नेमकी याच कामाबद्दल आहे.

मूल समितीसमोर हजर केल्यानंतर त्याच्या कुटुंबाची पाहणी करून सामाजिक तपासणी अहवाल पंधरा दिवसांत यावा आणि समितीने चौकशी चार महिन्यांत पूर्ण करावी, असे कायदा सांगतो. हा अहवाल म्हणजे मुलाच्या पुढच्या सगळ्या आयुष्याचा पाया आहे. परिविक्षा अधिकाऱ्याकडे (मुलाच्या घरची चौकशी करणारा अधिकारी) किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षातील सामाजिक कार्यकर्त्याकडे अख्खा जिल्हा असतो, प्रवासासाठी वाहन नसते, आणि गृहचौकशीचे काम निवडणूक, सर्वेक्षण, लाभार्थी मेळावे अशा दहा कामांखाली दबून जाते. मग अहवाल येतो तो दूरध्वनीवरून विचारून लिहिलेला. "कुटुंबाची आर्थिक परिस्थिती हलाखीची असून बालकास संस्थेत ठेवणे हिताचे आहे" हे वाक्य मी इतक्या अहवालांत वाचले आहे की मुलाचे नाव झाकले तर कोणता अहवाल कोणाचा हे सांगता येणार नाही. हलाखी हे मुलाला आईपासून तोडण्याचे कारण होऊ शकत नाही, कुटुंबाला मदत करण्याचे कारण आहे. समितीकडे दुसरी माहिती नसते, पुढची तारीख पडते, शाळा सुरू झालेली असते, आणि मुलाचे एक वर्ष, मग दुसरे वर्ष संस्थेत जाते. तोपर्यंत आईचे भेटीला येणे कमी झालेले असते, कारण बसभाडे आणि बुडालेली मजुरी तिला परवडत नाही. मूल घराला आणि घर मुलाला अनोळखी होते. एवढे झाल्यावर त्याला परत पाठवणे खरोखरच अवघड होऊन बसते.

दुसरी तक्रार कुटुंबाला देण्याच्या मदतीबद्दल आहे. राज्याची बालसंगोपन योजना अतिशय चांगल्या विचाराची योजना आहे. एक पालक असलेल्या किंवा दोन्ही पालक नसलेल्या मुलाला संस्थेत न पाठवता आईकडे, आजीकडे, मामाकडे राहता यावे यासाठी तिच्यातून दरमहा २,२५० रुपये मिळतात. केंद्राच्या मिशन वात्सल्यमधील प्रायोजकत्वाची, म्हणजे मूल घरीच राहावे म्हणून कुटुंबाला मिळणाऱ्या मदतीची, रक्कम दरमहा ४,००० रुपये आहे. पण हे पैसे दर महिन्याला हातात पडत नाहीत. हप्ते महिनोन्‌महिने थकतात, मग एकदम काही रक्कम जमा होते, पुन्हा थांबते. दुकानदाराकडची उधारी आणि शाळेची वही महिन्याच्या महिन्याला लागते. प्रायोजकत्वासाठी ग्रामीण भागात कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ७२,००० रुपयांपेक्षा जास्त नसावे अशी अट आहे, म्हणजे महिन्याला ६,००० रुपये. चार घरची धुणीभांडी करून आणि शेतात राबून सात हजार मिळवणारी विधवा या अटीत बसत नाही, आणि तिचे मूल बालगृहात मात्र बसते. तिथे त्याच्या संगोपनासाठी दरमहा ३,००० रुपये अनुदान आणि त्याशिवाय इमारत, स्वयंपाकी, अधीक्षक यांचा खर्च शासनच करते. तोच पैसा वेळेवर आईच्या हाती दिला तर मुलाला आईही मिळते.

या योजनेला २०२३ मध्ये क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचे नाव देण्यात आले. सावित्रीबाई आणि जोतीराव यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, विधवांना तिथे निर्धास्तपणे बाळंत होता यावे म्हणून. तिथेच आश्रयाला आलेल्या एका स्त्रीच्या मुलाला, यशवंताला, त्यांनी दत्तक घेतले, स्वतःच्या घरात वाढवले आणि डॉक्टर होईपर्यंत शिकवले. पंढरपूरला १८७५ मध्ये असेच गृह निघाले, आजचा नवरंगे बालकाश्रम त्याचाच वारसा चालवतो. महाराष्ट्राला या कामाची दीडशे वर्षांहून जुनी परंपरा आहे, आणि त्या परंपरेच्या उगमापाशीच हे दिसते की संस्था जीव वाचवते, पण मूल वाढते ते कोणाच्या तरी घरात, कोणाच्या तरी हक्काच्या माणसाजवळ, आणि ते माणूस मुलगा स्वतःच्या पायावर उभा राहीपर्यंत त्याचा हात सोडत नाही.

तिसरी तक्रार बालकल्याण समित्यांबद्दल आहे. अध्यक्ष आणि चार सदस्य अशी ही समिती असते, तिला न्यायालयासारखे अधिकार आहेत आणि महिन्यातून किमान वीस दिवस तिने बसावे अशी कायद्याची अपेक्षा आहे. सदस्याचा कार्यकाळ तीन वर्षांचा असतो, म्हणजे तो कोणत्या दिवशी संपणार हे नेमणुकीच्या दिवशीच माहीत असते. तरीही मुदत संपल्यावर नवी समिती येईपर्यंत कित्येक महिने शेजारच्या जिल्ह्याच्या समितीकडे कारभार सोपवला जातो. आमच्या जिल्ह्यात हे घडले आहे, आणि त्या काळात मुलांना घेऊन कर्मचाऱ्यांना दुसऱ्या जिल्ह्याच्या ठिकाणी जावे लागत असे. तान्ह्या बाळाच्या बाबतीत तर हा विलंब फारच क्रूर ठरतो. सोडून दिलेले दोन वर्षांपर्यंतचे मूल दोन महिन्यांत आणि त्याहून मोठे मूल चार महिन्यांत दत्तकासाठी कायदेशीररीत्या मुक्त घोषित व्हावे, असे कलम ३८ सांगते. समितीच नसेल तर हे घोषित कोण करणार? एकीकडे दत्तक मूल मिळावे म्हणून जोडपी वर्षानुवर्षे प्रतीक्षायादीत आहेत, आणि दुसरीकडे शिशुगृहातील बाळ एका सहीसाठी पाळण्यात मोठे होते आहे.

आता मुलांच्या रोजच्या जगण्याबद्दल, आणि इथे मला थोडे सविस्तर लिहायचे आहे, कारण तपासणीच्या नमुन्यात जे मोजले जाते त्यात हे येत नाही.

बालगृहातल्या मुलाला जेवण मिळते, गणवेश मिळतो, अंथरूण मिळते. बहुतेक ठिकाणी ते बरे असते, आणि तुटपुंज्या, उशिरा येणाऱ्या अनुदानात ते बरे ठेवणाऱ्या अधीक्षकांविषयी आणि स्वयंपाक करणाऱ्या मावशींविषयी मला मनापासून आदर आहे. त्या मुलाला जे मिळत नाही ते म्हणजे टिकून राहणारे माणूस. काळजीवाहक कंत्राटी असतात, पगार वेळेवर होत नाही म्हणून सोडून जातात. समुपदेशक येतात, मूल बोलू लागते न लागते तोच त्यांचे कंत्राट संपते, आणि नव्या समुपदेशकासमोर त्याला आपली कहाणी पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागते. सहा वर्षे पूर्ण झाली की शिशुगृहातून बालगृहात बदली होते, म्हणजे पहिले घर सुटते. मुलांचे आणि मुलींचे बालगृह वेगवेगळे, त्यामुळे बहीण एका तालुक्यात आणि भाऊ दुसऱ्या जिल्ह्यात राहतो. भाऊबीजेला दोघांची भेट घडवून आणायची तर दोन कार्यालयांची परवानगी, एक कर्मचारी आणि एक वाहन लागते, आणि तिन्ही गोष्टी एका वेळी जुळून येणे दुर्मीळ. माझ्या वर्गातली बालगृहाची मुले नव्या बाईंच्या गळ्यात पहिल्याच दिवशी पडत, किंवा वर्षभर एक शब्दही बोलत नसत. दोन्हींचे कारण एकच होते. कोण किती दिवस राहणार हे त्यांना कधी कळलेले नव्हते.

हा केवळ माझ्या भावनेचा विषय नाही. रुमानियात २००० च्या सुमारास संस्थांतील १३६ बालकांचा एक अभ्यास सुरू झाला. त्यांपैकी निम्म्या मुलांना प्रतिपालक कुटुंबांत, म्हणजे दत्तक न घेता मूल सांभाळणाऱ्या कुटुंबांत, ठेवण्यात आले आणि सगळ्यांची वाढ पुढे अनेक वर्षे तपासली गेली. संस्थेत राहिलेल्या मुलांच्या बुद्धीवर, भाषेवर आणि माणसांशी नाते जोडण्याच्या शक्तीवर झालेला परिणाम त्यात स्पष्ट दिसला, आणि जी मुले लहान वयात, विशेषतः दोन वर्षांच्या आत, कुटुंबात गेली त्यांची भरपाई सर्वांत चांगली झाली. आपल्या कायद्यातही कलम ४४ मध्ये प्रतिपालकत्वाची तरतूद आहे. ती कागदावरून घरांत उतरलेली फारशी दिसत नाही, कारण कुटुंबे शोधणे, तपासणे आणि नंतर त्यांच्याकडे जात राहणे यासाठी माणसेच नेमलेली नाहीत.

मुलांचे ऐकून घेण्याच्या व्यवस्थेचेही असेच झाले आहे. नियमांनुसार प्रत्येक संस्थेत वयोगटांप्रमाणे मुलांच्या समित्या असाव्यात. सूचनापेटी कार्यालयापासून दूर आणि मुलांच्या खोल्यांजवळ असावी, तिची किल्ली संस्थेबाहेरच्या जबाबदार अधिकाऱ्याकडे असावी आणि ती दर आठवड्याला मुलांसमोर उघडली जावी. मी पाहिलेल्या एका संस्थेत ती पेटी अधीक्षकांच्या दालनाच्या दारालाच लावलेली होती. जिथे तक्रार ज्याच्याविरुद्ध करायची त्याच्याच डोळ्यांदेखत चिठ्ठी टाकावी लागते, तिथे चिठ्ठी पडत नाही, आणि मग पेटी रिकामी आहे म्हणजे सर्व ठीक आहे असा अहवाल जातो. पनवेलजवळच्या कळंबोलीत मतिमंद मुलींच्या संस्थेतील अत्याचार २०११ मध्ये उघड झाले तेव्हा आपण सगळे हादरलो होतो. बिहारमधील मुझफ्फरपूरचे प्रकरण २०१८ मध्ये बाहेर आले ते मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या पथकाने सामाजिक अंकेक्षण, म्हणजे संस्थेच्या कामाची बाहेरच्यांनी केलेली स्वतंत्र पाहणी, करताना मुलींशी स्वतंत्रपणे बोलल्यामुळे. त्याच मुलींच्या संस्थेत त्याआधी सरकारी तपासण्या होत होत्या. २०२५ च्या जूनअखेरीस छत्रपती संभाजीनगर येथील एका बालगृहातून नऊ मुली बाहेर पडल्या आणि तो विषय विधिमंडळापर्यंत गेला. अशा प्रत्येक घटनेनंतर काही आठवडे कॅमेरे मोजले जातात, नोंदवह्या मागवल्या जातात, भिंतींची उंची पाहिली जाते. मुली का बाहेर पडल्या हे मुलींनाच निवांतपणे, त्यांच्या विश्वासातल्या माणसाने विचारावे लागते. कलम ५४ नुसार दर तीन महिन्यांनी किमान एकदा तपासणी व्हायला हवी आणि पथकात एक महिला व एक वैद्यकीय अधिकारी असायला हवा. ही तपासणी आगाऊ कळवून, चहापाण्यासह, दुपारी मुले शाळेत असताना होत असेल तर ती केली काय आणि न केली काय, मुलांच्या दृष्टीने सारखेच.

यानिमित्ताने नागरिकांनाही एक विनंती. वाढदिवस, पुण्यतिथी, निवडणूक यांच्या निमित्ताने बालगृहात फळे आणि खाऊ वाटताना मुलांना रांगेत उभे करून त्यांची छायाचित्रे काढू नका आणि समाजमाध्यमांवर टाकू नका. कलम ७४ नुसार अशा मुलाची ओळख उघड करणे हा शिक्षापात्र गुन्हा आहे. त्याच मुलाला दुसऱ्या दिवशी वर्गात सगळ्यांसमोर बसायचे असते. विभागानेही आपल्या कार्यक्रमांत हे पथ्य पाळावे.

शेवटची आणि माझ्या लेखी सर्वांत गंभीर तक्रार अठराव्या वर्षाबद्दल आहे.

आपल्या स्वतःच्या मुलाला अठरा वर्षे पूर्ण झाली म्हणून पेटी भरून निरोप देणारे आईवडील मी आजवर पाहिलेले नाहीत. बारावीनंतर मुले शिकतात, चुकतात, शाखा बदलतात, एखादे वर्ष वाया घालवतात, आणि घर त्यांना सांभाळून घेते. शासन ज्यांचे पालक झाले त्या मुलांना हा अवकाश नाही. कायद्याने अनुरक्षण सेवा वयाच्या एकविसाव्या वर्षापर्यंत ठेवली आहे, मिशन वात्सल्यमध्ये ती अपवादात्मक परिस्थितीत तेविसाव्या वर्षापर्यंत वाढवता येते आणि दरमहा ४,००० रुपयांची तरतूद आहे. सहा ते आठ तरुणांनी मिळून भाड्याच्या घरात राहावे, सोबत एक मार्गदर्शक असावा, अशी कल्पनाही नियमांत आहे. पण कलम ४६ आर्थिक साहाय्य देता येईल इतकेच म्हणते, ते द्यावेच लागेल असे बंधन घालत नाही. अनुरक्षणगृहे मोजकी आहेत, मुलींसाठी तर फारच थोडी, आणि बहुतेक जिल्ह्यांत एकही नाही. जिल्ह्याच्या शाळेत शिकलेल्या मुलीने ओळखीचे सगळे सोडून दूरच्या शहरात जायचे किंवा मिळेल त्या नातेवाइकाकडे, मिळेल त्या स्थळाशी तडजोड करायची, एवढेच पर्याय तिच्यापुढे उरतात. मुलगे हॉटेलात, गाळ्यांत, बांधकामावर लागतात आणि मालकाच्याच जागेत झोपतात, म्हणजे काम सुटले की छप्परही जाते.

कागदपत्रांची कथा आणखी वेगळी. आधार कार्ड संस्थेच्या पत्त्यावर असते, संस्था सोडल्यावर तो पत्ता उरत नाही. शिधापत्रिकेत नाव नाही, रहिवासी दाखल्याला पुरावा नाही, जातीचा दाखला नाही, भाड्याने खोली घ्यायला जामीन राहणारे कोणी नाही. गोव्यातील अनाथाश्रमात वाढलेल्या अमृता करवंदे यांनी हा प्रश्न शासनापुढे नेल्यानंतर २०१८ मध्ये महाराष्ट्राने अनाथांसाठी शिक्षण आणि नोकरीत एक टक्का आरक्षण लागू केले. देशात हे प्रथमच घडले आणि त्याचा मला अभिमान आहे. पण ज्याचे आई किंवा वडील कुठेतरी हयात आहेत, मात्र ज्यांनी दहा वर्षांत मुलाचे तोंडही पाहिलेले नाही, त्या मुलाला अनाथ प्रमाणपत्र मिळत नाही. बालगृहांत अशीच मुले अधिक आहेत. त्यांना घरही नाही आणि अनाथपणाचा दाखलाही नाही.

दिव्यांग मुलांविषयी तर अठरा वर्षांची मर्यादा अर्थहीनच आहे. अमरावती जिल्ह्यातील वझ्झर येथे बेवारस दिव्यांग मुलांना आपले मानून सांभाळणारे शंकरबाबा पापळकर कित्येक वर्षे एकच मागणी करत आले आहेत की, या मुलांना अठरा वर्षांनंतरही त्याच घरात राहू देणारा कायदा करावा. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री देण्यात आली. त्यांच्या मागणीकडेही तितक्याच आदराने पाहिले जावे.

माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत. त्यांतील बहुतेकांसाठी नवा कायदा लागत नाही.

एक वर्षापेक्षा जास्त काळ संस्थेत असलेल्या प्रत्येक मुलाच्या कुटुंबाची प्रत्यक्ष गृहभेट देऊन येत्या सहा महिन्यांत नव्याने पाहणी करावी, आणि किती मुले घरी जाऊ शकतात, किती मुलांसाठी प्रतिपालक कुटुंब हवे, किती जण दत्तकासाठी पात्र आहेत याचे जिल्हावार आकडे, मुलांची ओळख न उघडता, जाहीर करावेत. या कामासाठी परिविक्षा अधिकाऱ्यांची रिक्त पदे भरावीत आणि त्यांना इतर कामांतून मुक्त ठेवावे.

बालसंगोपन आणि प्रायोजकत्वाचे पैसे दर महिन्याच्या दहा तारखेपर्यंत खात्यात जमा व्हावेत. उत्पन्नमर्यादा वाढवण्यासाठी राज्याने केंद्राकडे लेखी आग्रह धरावा, आणि तोपर्यंत मर्यादेबाहेर राहणाऱ्या एकल मातांना राज्याच्या निधीतून मदत करावी.

बालकल्याण समितीची मुदत संपण्याच्या सहा महिने आधी नव्या निवडीची प्रक्रिया सुरू व्हावी. एक दिवसही कोणत्याही जिल्ह्याला समितीवाचून राहावे लागू नये.

भावंडांना एकत्र किंवा किमान एकाच गावात ठेवावे. ते शक्य नसेल तर महिन्यातून एकदा त्यांची भेट घडवणे ही संस्थेची आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षाची संयुक्त जबाबदारी असावी, आणि प्रवासखर्चाची तरतूद अनुदानातच करावी. पालकांना भेटीसाठी येण्याचे भाडेही त्यातूनच मिळावे.

त्रैमासिक तपासणी पूर्वसूचनेशिवाय आणि मुले संस्थेत असण्याच्या वेळी व्हावी. प्रत्येक वेळी मुलांशी कर्मचाऱ्यांच्या अनुपस्थितीत बोलले जावे. दरवर्षी एकदा विभागाबाहेरच्या संस्थेकडून सामाजिक अंकेक्षण करून घ्यावे.

शिक्षण किंवा प्रशिक्षण चालू असलेल्या एकाही मुलाला वा मुलीला वयाच्या कारणाने राहण्याची दुसरी व्यवस्था झाल्याशिवाय बाहेर काढू नये. अनुरक्षणाचा प्रस्ताव सतराव्या वर्षी दाखल होऊन अठरा पूर्ण होण्याच्या तीन महिने आधी त्यावर लेखी निर्णय मिळावा, आणि निर्णय न झाल्यास मुक्काम आपोआप वाढावा. आधार, बँक खाते, रहिवासी दाखला, शैक्षणिक कागदपत्रे आणि लागू असेल तर अनाथ प्रमाणपत्र हे सर्व संस्था सोडण्यापूर्वी त्याच्या हातात द्यावे. प्रत्येक जिल्ह्यात मुलींसाठी एक आणि मुलांसाठी एक असे सहा ते आठ जणांचे गटनिवास सुरू करावे. भाड्याची दोन घरे घ्यायला फार मोठा निधी लागत नाही.

संस्थेतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक तरुणासाठी तेविसाव्या वर्षापर्यंत एक पालक अधिकारी नावानिशी नेमावा. त्याने दर महिन्याला संपर्क ठेवावा, आणि त्याची बदली झाली तर जबाबदारी कोणाकडे गेली हे त्या तरुणाला लेखी कळवावे. माझ्या सगळ्या मागण्यांपैकी एकच मान्य करायची असेल तर ही करा. अडचणीच्या रात्री फोन कोणाला करायचा, हे त्या मुलांना माहीत असले पाहिजे.

हयात पण जबाबदारी टाकून दिलेल्या पालकांच्या मुलांना, समितीने तसे घोषित केल्यास, अनाथांच्या सवलती मिळाव्यात. तसेच ज्यांना आयुष्यभर आधार लागणार आहे अशा दिव्यांग मुलांना ते वाढले त्याच घरात राहू देणारा निर्णय राज्याने स्वतंत्रपणे घ्यावा.

पत्राच्या आरंभी ज्या मुलीचा उल्लेख केला तिच्या प्रवेशाची मुदत अजून गेलेली नाही. तिची माहिती मी तिच्या संमतीने आपल्या कार्यालयाला स्वतंत्र पत्राने पाठवली आहे. तिच्या प्रस्तावावर निर्णय घ्यायला एक सही पुरेशी आहे, आणि ती या आठवड्यात व्हावी अशी माझी मागणी आहे. उरलेल्या मागण्यांवर विभागाने तीस दिवसांत जाहीर उत्तर द्यावे. कोणती मागणी मान्य, कोणती अमान्य आणि का, एवढे त्यात असावे. गृहभेटींच्या फेरपाहणीसाठी माणसे कमी पडत असतील तर माझ्यासारखे निवृत्त शिक्षक आणि समित्यांचे माजी सदस्य प्रत्येक तालुक्यात आहेत, त्यांना प्रशिक्षण देऊन सोबत घ्या. माझे नाव त्या यादीत पहिले लिहावे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका व बालकल्याण समितीची माजी सदस्य

प्रत माहितीसाठी :
मा. अध्यक्ष, महाराष्ट्र राज्य बाल हक्क संरक्षण आयोग, मुंबई
सर्व जिल्हा महिला व बालविकास अधिकारी